सोनाराने पास केलेला रुपया : एका प्रकरणाचा अभ्यास

माणसांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. ‘गुरुजी’ म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. चार एकर शेती आहे, ती बटईने दिलेली. मी तालुक्याच्या गावी बँकेत रोखपाल होतो, आता निवृत्त आहे, आणि जुन्या नाण्यांचा नाद मला नोकरीत असल्यापासून आहे. त्यामुळे पंचक्रोशीत कोणाला नांगरताना पैसा सापडला, की तो माझ्याकडे येतो. महिन्यातून एकदा तरी कोणी ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेला, रामदरबाराचं चित्र असलेला तांब्याचा तुकडा घेऊन येतं आणि लाखाची किंमत सांगतं. कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही, हे सांगून मी त्यांना चहा पाजतो.

गुरुजींचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. त्यात सोनाराने जो रुपया पास केला तो बनावट निघाला आणि जे चार नापास केले ते अस्सल होते.

पार्श्वभूमी

गुरुजींच्या आईच्या पेटीत अकरा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले, रुपये होते. भावांत वाटणी झाली तेव्हा गुरुजींच्या वाट्याला चार आले. चौघांच्याही वरच्या कडेला झाळकामाचा काळपट डाग आहे. कधी काळी त्यांना कड्या लावून ते गळ्यात घातलेले, पुढे कड्या काढून पेटीत ठेवलेले. संग्राहकाच्या लेखी अशा डागाने भाव पडतो. गुरुजींच्या लेखी तो आईचा डाग. पुढे या चार रुपयांनीच आम्हाला वाट दाखवली, म्हणून हे आधी सांगितलं.

निवृत्तीनंतर गुरुजींना वाटलं, प्रत्येक राज्यकर्त्याचा एकेक तरी रुपया आपल्याकडे असावा. राणी, बोडका राजा (सातवा एडवर्ड, त्याच्या रुपयावर मुकुट नाही), पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज. सुरुवातीला एडवर्डचा रुपया त्यांनी नागपूरच्या एका प्रदर्शनात टेबलावरून १४०० रुपयांना घेतला. ही गोष्ट २०२३ च्या जानेवारीतली. त्या व्यापाऱ्याने साध्या कागदावर नाण्याचं वर्णन, रक्कम आणि आपला नंबर लिहून दिला होता. याला आपण ‘प्रदर्शनवाला’ म्हणू.

दुसरा व्यापारी मोठ्या शहरातला, फोनवरच्या नाण्यांच्या एका गटातून ओळख झालेला. त्याला ‘शहरवाला’ म्हणू. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरुजींनी त्याच्याकडून अकरा नाणी मागवली. व्हिक्टोरियाचे सहा रुपये प्रत्येकी १२५०, सहाव्या जॉर्जचे १९४१ ते १९४५ मधले चार प्रत्येकी ६५०, आणि एक १९३९ चा, १६,००० ला. एकूण २६,१०० आणि टपालाचे १५०. पैसे युपीआयने गेले. पक्कं बिल मागितलं नाही, त्याने दिलंही नाही.

१९३९ च्या रुपयाबद्दल दोन शब्द हवेत. त्या सालचे रुपये चलनात फार थोडे आले, म्हणून संग्राहक त्याच्यामागे धावतात आणि म्हणूनच बनवणारेही. त्याच्या आदल्या सालचा, १९३८ चा, सहज मिळतो. दिसायला दोघे सारखेच, फरक शेवटच्या एका आकड्याचा. एका आकड्यासाठी कोणी इतका खटाटोप करेल का, असं गुरुजींनी मला नंतर विचारलं होतं. आठाचा नऊ करून हजाराच्या वस्तूचे सोळा हजार होत असतील तर करणारच की.

खरेदीच्या आधीच्या संभाषणातली दोन वाक्यं पुढे महत्त्वाची ठरली. शहरवाल्याने लिहिलं होतं, “गुरुजी, सगळी १००% ओरिजनल. गॅरंटी माझी.” आणि गुरुजींनी विचारलं होतं, “पुढे भाव वाढेल ना?”

प्रश्न कसा उघडला

नाणी १ नोव्हेंबरला आली. गुरुजींनी पाकीट फोडलं, पाहिली, खूश झाले. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. काकूंच्या, म्हणजे गुरुजींच्या पत्नीच्या, घरी पद्धत अशी, की पूजेत ठेवायची चांदीची प्रत्येक वस्तू चिंचेने आणि रांगोळीने घासून घ्यायची. सासूबाईंचे चार रुपये त्या दरवर्षी घासतात. यंदा नवे सहाही घेतले. संग्राहकाने हे वाचलं तर त्याच्या पोटात गोळा येईल, कारण घासलेल्या नाण्याचा भाव जातो. पण काकूंनी घासले नसते तर गुरुजींच्या वहीत ते सहा रुपये आजही सुखाने नांदत असते.

“अहो, हे पाहा नं! हे तर पिवये निंगाले!”

सहापैकी तीन रुपयांचा वरचा पांढरा थर उडून राणीच्या गालावर आणि केसांवर पितळी छटा आली होती. सासूबाईंचे चार आणि नव्यातले उरलेले तीन मात्र पांढरेशुभ्र.

भाऊबीज झाल्यावर गुरुजी सगळी नाणी घेऊन तालुक्याच्या सोनाराकडे गेले. सोनार ओळखीचा, माणूस चांगला. त्याच्याकडे टंच, म्हणजे चांदीचं शेकडा प्रमाण, पाहायचं मशीन आहे. त्याने एकेक नाणं ठेवून सांगितलं. तीन राणीछाप : वरून मुलामा, आत जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, धातूत नाही). बाकीचे तीन : ठीक. सहाव्या जॉर्जचे चार : “यात तर अर्धीच चांदी हाय गुरुजी, टंच ५० येऊन राह्यला. खोटे हायेत.” १९३९ : “हा एक नंबर. टंच ९१.” प्रदर्शनवाल्याच्या एडवर्डबद्दल त्याला शंका आली म्हणून त्याने गुरुजींना विचारून कडेला कानस मारली. आतून पिवळं.

त्याच रात्री, १६ नोव्हेंबरला, गुरुजींनी शहरवाल्याला लांबलचक संदेश पाठवला. त्याचा सार असा, की तुम्ही मला अकरापैकी सात नाणी खोटी दिलीत, फक्त १९३९ चा आणि तीन राणीछाप खरे आहेत, सातांचे पैसे परत करा, नाहीतर पोलिसांत जातो.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महागडा निर्णय हाच. त्या संदेशात एक आरोप साफ चुकीचा होता आणि एक कबुली साफ चुकीची होती.

शहरवाल्याने दुसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर दिलं. १९४० पासून सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, हे तुम्हाला ठाऊक नाही. नाण्यांतलं काही कळत नसताना बदनामी करता. राणीछाप तुम्हीच घासून खराब केले. आणि १९३९ चा खरा आहे हे तुम्ही स्वतः लिहून दिलंच आहे.

त्यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं.

मोजमाप

गुरुजी माझ्याकडे आले ते २० नोव्हेंबरला, डबीत नाणी आणि फोनमध्ये हे उत्तर घेऊन. मी त्यांना आधी सांगितलं, की आता कोणाला काही लिहायचं नाही. मग आम्ही टेबलावर पांढरं फडकं अंथरलं.

घरी करता येण्यासारख्या चाचण्यांत माझा भरवसा वजनावर आणि पाण्यावर आहे. चुंबक लोखंडासारखे मोजके धातूच पकडतं. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, ते चुंबकाला चिकटत नाही. खणखणाट ऐकून ओळखणारे जुने लोक होते, ‘खणखणीत नाणं’ हा शब्दप्रयोग उगीच आला नाही. पण कान सगळ्यांचे तसे नसतात आणि आवाज कागदावर लिहून देता येत नाही.

जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सोनार त्या काळी रुपयाच वजनमाप म्हणून तराजूत टाकत. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे टंच ९१.६७. झिजेने वजन थोडं उतरतं. शंभर ग्रॅमपर्यंत तोलणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो.

पाण्याची चाचणी अशी. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. नाण्याला बुडबुडा चिकटला असेल तर हलवून काढायचा. आता काट्यावर जो आकडा दिसतो, त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. येते ती घनता. शुद्ध चांदीची १०.४९; जुन्या रुपयाची १०.३ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरची ८.६ ते ८.८.

आधी आईचा एक रुपया घेतला. कोरडा ११.५४, पाण्यात १.१२. भागाकार १०.३. आमची पट्टी ठरली.

पिवळ्या पडलेल्या तिघांपैकी एक : १०.१४, पाण्यात १.१८, भागाकार ८.६. दुसरे दोन तसेच. भिंगाखाली आणखी गमती दिसल्या. पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या बसलेल्या, म्हणजे ठशाने मारलेलं नाणं नव्हे, साच्यात ओतलेलं. तिन्ही नाण्यांत राणीच्या हनुवटीखाली त्याच जागी, त्याच तिरपाईत एक ओरखडा. एखाद्या नाण्याला ओरखडा पडणं स्वाभाविक आहे. तीन नाण्यांना हुबेहूब एकच पडला, तर तो साच्यातला असतो. शिवाय त्यातल्या एकावर साल होतं १८८५ आणि लिहिलं होतं ‘व्हिक्टोरिया क्वीन’. राणी १८७७ मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि त्या सालापासून रुपयावर ‘एम्प्रेस’ आलं. बनवणाऱ्याने साचा एका नाण्याचा आणि साल दुसऱ्याचं जोडलं होतं. १८६२ सालची नाणी खूप दिसतात म्हणून घाबरू नये, हे जाता जाता सांगतो. ते साल टांकसाळीने १८७४ पर्यंत ठशावर तसंच ठेवलं होतं.

सहाव्या जॉर्जचे चार : ११.६०, पाण्यात १.२२, भागाकार ९.५. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के असा मिश्रधातू गणिताने जमवला तर घनता साडेनऊच येते. वजन बरोबर, दातेरी कडेच्या मधोमध त्या काळची खाचेची पट्टी बरोबर. चारही अस्सल. सोनाराचं मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याने चांदी किती ते सांगितलं आणि ती तेवढीच होती. रुपया म्हटला की ९१ च हवा, हा सोनाराचा समज चुकला.

मग १९३९. ११.६२, पाण्यात १.१३, भागाकार १०.३. गुरुजींचा चेहरा खुलला. मीही पाच मिनिटं खूश होतो.

या सालात एक सोय आहे, नऊ दोनदा येतो. मी भिंगातून पहिला नऊ पाहिला, मग दुसरा. पहिल्याचं शेपूट खाली येऊन जाड गोलाईत संपतं. दुसऱ्याचं शेपूट डावीकडे बारीक होत जातं आणि मध्येच तुटतं, जणू तिथे आणखी काही होतं आणि ते कोणी खरवडून काढलं. त्या आकड्याच्या डावीकडची जमीन बाकीच्या नाण्यापेक्षा जास्त गुळगुळीत, चकाकणारी, आणि तिच्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा. ऐंशी वर्षांचा काळपटपणा सगळ्या नाण्यावर होता, तेवढ्या तीळभर जागेत नव्हता. आठाचं खालचं गाठोडं डावीकडून कापलं की नऊ होतो. नाणं टांकसाळीचं होतं, चांदी टांकसाळीची होती, फक्त साल कोणीतरी कोरलं होतं.

गुरुजींनी मानलं नाही. “भाऊ, सोनारानं मशीनवर पाह्यला. तुम्ही नुसतं भिंगानं पाहून राह्यले.” मी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात एसटीने आम्ही नागपूरला गेलो आणि ज्यांचा शब्द नाण्यांच्या जाणत्या लोकांत चालतो अशा एका अभ्यासकांना ते दाखवलं. त्यांनी एक अस्सल १९३८ शेजारी ठेवला, भिंग गुरुजींच्या हातात दिलं आणि काही न बोलता थांबले. गुरुजी बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “पुसलेल्या पाटीसारखं आहे.” पस्तीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासलेला माणूस. त्याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलं नाही.

अभ्यासकांनी मोजमापं, निरीक्षण आणि मत एका पानावर लिहून सही करून दिलं. प्रवासासकट हा खर्च हजाराच्या आत बसला आणि पुढे सगळ्यात जास्त कामाला आला.

पर्याय

सोडून द्यावं, हा पहिला. घरातून याला पाठिंबा होता. मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबा, सोळा हजार गेले समजा, बीपी वाढवू नका.

दुसरा पर्याय शहरवाल्याने फोनवर सुचवला. तीन राणीछाप परत पाठवा, त्या रकमेचा दुसरा माल देतो. ज्याच्या मालावरचा विश्वासच उडाला, त्याच्याकडून आणखी माल.

तिसरा, पोलीस. ठाण्यात एकदा जाऊन आलो. तिथे सांगण्यात आलं, की पैसे तुम्ही स्वतः दिले, माल मिळाला, त्याच्या दर्जाचं भांडण आहे, दिवाणी बाजू पाहा. फसवणुकीचा गुन्हा व्हायचा तर विकताना त्याला ठाऊक होतं हे दाखवावं लागतं, आणि तो म्हणणारच, की मलाही कोणी विकला. आम्ही तिथे रेटा लावला नाही. बँकेतही विचारलं. स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार उलटवता येत नाही, असं उत्तर आलं, जे मला टेबलाच्या आतल्या बाजूचा अनुभव असल्याने अपेक्षितच होतं.

चौथा पर्याय गटातल्या एका जाणकाराने खासगीत सुचवला. १९३९ चांदीत पास होतोय ना? मग पुढे चालवून टाका, पंधरा हजारांत कोणीही उचलेल. हा सल्ला देणारा स्वतःला सज्जन समजतो आणि तसा तो आहेही. खोटा रुपया बाजारात फिरत राहतो तो बनवणाऱ्याच्या कौशल्यामुळे कमी, आणि प्रत्येक फसलेल्याने तो पुढच्याच्या हातात दिल्यामुळे जास्त. गुरुजींनी तो संदेश मला वाचून दाखवला, फोन उलटा ठेवला आणि शेतातल्या बोंडअळीबद्दल बोलायला लागले.

पाचवा, जिल्हा ग्राहक आयोग.

काय केलं

प्रदर्शनवाल्याचं काम आधी उरकलं, कारण ते सोपं होतं. दहा महिने झाले होते, नाण्याला कानस लागली होती, कागद कच्चा होता. कायद्याने पाहिलं तर बाजू लंगडी. गुरुजींनी फोन करून जसं घडलं तसं सांगितलं, कानशीचंही सांगितलं. त्याने कडेचा फोटो मागितला आणि तासाभरात १४०० रुपये पाठवले. वर म्हणाला, “नाणं मात्र रजिस्टरने परत पाठवा काकाजी. मला ज्याने दिलं त्याच्या तोंडावर ठेवायचं आहे.” गुरुजींचा आवाज त्या फोनवर शहरवाल्याला पाठवलेल्या संदेशासारखा नव्हता, हेही नोंदवतो.

शहरवाल्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवं पत्र लिहिलं. त्यात पहिल्या परिच्छेदात गुरुजींनी चूक कबूल केली : १९४१ ते १९४५ ची चार नाणी अस्सल आहेत, १६ नोव्हेंबरचा माझा आरोप चुकीचा होता, तो मी मागे घेतो, दिलगीर आहे. हा परिच्छेद घालायला गुरुजी तयार नव्हते. चोराची माफी काय म्हणून मागायची? मी म्हटलं, ही माफी त्याच्यासाठी नाही, उद्या हे पत्र वाचणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी आहे. दुसऱ्या परिच्छेदात १९३९ बद्दलचं आधीचं विधान केवळ चांदीच्या टंचावरून केलं होतं, असं सांगून ते मागे घेतलं. मग वजनं, घनता, दोन नऊंचे मोठे केलेले फोटो, एकाच ओरखड्याचे तीन फोटो, अभ्यासकांचं मत. मागणी फक्त तीन राणीछाप आणि १९३९ ची : ३७५० अधिक १६,०००, म्हणजे १९,७५०. नाणी परत द्यायची तयारी. पंधरा दिवसांची मुदत. पोच-पावतीसह रजिस्टर टपालाने.

जानेवारीत त्याचा फोन आला. दहा हजार रोख पाठवतो, चारही नाणी द्या, लेखी काही नको, विषय संपला. गुरुजींनी मला विचारलं. मी म्हणालो, नाही म्हणा. याबद्दल शेवटी बोलतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, त्याच्यासाठी व्यापाऱ्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. खेड्यातल्या माणसासाठी या कायद्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. गुरुजी स्वतःच उभे राहिले, इस्त्रीचा सदरा घालून.

समोरून वकिलाचं उत्तर आलं त्यात तीन मुद्दे होते. एक, गुरुजी ग्राहकच नाहीत; “पुढे भाव वाढेल ना?” असं विचारणारा माणूस विकण्यासाठी घेतो, आणि पुन्हा विकण्यासाठी घेणाऱ्याला हा कायदा ग्राहक मानत नाही. दोन, नाणी घासून खराब केली. तीन, १९३९ खरा असल्याची लेखी कबुली.

पहिल्या मुद्द्याने आम्ही खरोखर घाबरलो. चार शब्दांचा भाबडा प्रश्न, आणि त्यावर अख्खी तक्रार बाद व्हायची वेळ. उत्तरात गुरुजींनी शपथेवर लिहिलं, की आजवर एकही नाणं विकलेलं नाही, आईच्या वाटणीतली नाणीही नाहीत. खरेदीचा हेतू संग्रह आणि घरची पूजा. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर घनतेने दिलं. चिंच-रांगोळीने मुलामा जाईल, पण दीड ग्रॅम वजन जाणार नाही आणि चांदीचं जर्मन सिल्व्हर होणार नाही. तिसऱ्याला डिसेंबरचं पत्र कामी आलं. आणि “१००% ओरिजनल, गॅरंटी माझी” हा संदेश आमच्या बाजूने उभा राहिला. तो गुरुजींनी पुसला नव्हता, हे नशीब.

निकाल

तीन तारखा झाल्या. चौथीला आयोगाने समझोत्याची शक्यता विचारली. सप्टेंबर २०२४ मध्ये १७,००० वर मिटलं. चार नाणी परत गेली, पैसे आधी खात्यात आले, समझोता कागदावर आला. तोवर गुरुजींच्या वर्ध्याच्या पाच खेपा, नागपूरची एक, झेरॉक्स, नोटरी, टपाल मिळून साधारण २८०० रुपये खर्च झाले होते. हातात निव्वळ १४,२०० पडले.

सहाव्या जॉर्जचे चार रुपये शहरवाला परत घ्यायला तयार होता. गुरुजींनी दिले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीच्या वेळचं आधी. पाकीट उघडतानाचा अखंड व्हिडिओ आणि त्याच दिवशी प्रत्येक नाण्याचं वजन, एवढं केलं असतं तर तीन राणीछाप १ नोव्हेंबरलाच सापडले असते आणि काकूंच्या रांगोळीवर कोणी बोट ठेवू शकलं नसतं. पक्कं बिल मागायला हवं होतं, आणि बिलावर ‘जुनं नाणं’ एवढंच न लिहून घेता ‘१९३९, टांकसाळीतलं मूळ साल’ असं लिहून घ्यायला हवं होतं. जो लिहून देणार नाही त्याच्याकडे सोळा हजार टाकायचे नाहीत. ५०० रुपयांत शिकता आला असता असा हा धडा होता. गुरुजींनी पहिल्याच मोठ्या खरेदीत सेटमधलं सगळ्यात अवघड नाणं घेतलं, तेही फोटोवरून.

सोनाराचं काय? त्याला मी दोष देत नाही. पण त्याच्याकडे जाताना प्रश्न कोणता घेऊन जायचा, हे आधी ठरवायला हवं होतं. ‘यात चांदी किती?’ याचं उत्तर त्याच्याकडे आहे. ‘हे नाणं खरं का?’ याचं नाही. आणि कानस कधीच लावू द्यायची नाही. प्रदर्शनवाला भला माणूस होता म्हणून निभावलं. शहरवाल्याच्या नाण्याला ती लागली असती, तर ‘माल जसाच्या तसा परत’ हा मुद्दा आमच्या हातून गेला असता.

१६ नोव्हेंबरचा संदेश एक रात्र थांबला असता तर शहरवाल्याच्या उत्तरातले तीनपैकी दोन मुद्दे जन्मालाच आले नसते.

आता दहा हजारांची गोष्ट. मी ‘नाही’ म्हणायला सांगितलं ते बरोबर होतं का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. आठ महिने, पाच खेपा, आणि निव्वळ फरक ४२०० रुपयांचा. त्यातल्या दोन खेपा ऐन पेरणीच्या दिवसांतल्या. हिशेबी माणूस म्हणेल, घ्यायचे होते. पण ‘लेखी काही नको’ या अटीने माझं डोकं फिरलं होतं. मी गुरुजींना सल्ला दिला त्यात त्यांचं हित किती आणि माझा राग किती, हे तेव्हा तपासलं नाही. पुन्हा वेळ आली तर दहा हजारांना सरळ नकार न देता पंधरा मागेन आणि एका ओळीची पावती मागेन.

समझोत्याच्या कागदात मात्र एक वाक्य राहून गेलं, आणि ते राहिलं ते माझ्याच डोक्यात आलं नाही म्हणून. परत गेलेला १९३९ ‘साल बदललेला’ म्हणून नोंदवला जावा, असं आम्ही लिहून घेतलं नाही. पैसे मिळाले या आनंदात नाणं कसलीही खूण न करता पाकिटात घालून दिलं. गुरुजींना ते बसस्टँडवर आठवलं. “भाऊ, तो तर पुन्हा कोनाले इकन.”

त्या दोन नऊंचा मोठा केलेला फोटो त्यांनी फोनमध्ये ठेवला आहे. गटात कोणी १९३९ चा फोटो टाकला, की ते त्याखाली हा फोटो टाकतात आणि एवढंच लिहितात : दोन्ही नऊ ताडून पाहा. आतापर्यंत दोघांनी त्यांना उलट फोन केला. एकाचा खरा वाटला. दुसऱ्याचं शेपूट मध्येच तुटलेलं होतं.